आहार : पूर्ण

तपासणीचे लोक शुक्रवारी येणार होते. आमच्या इनचार्ज संगीता सिस्टरांनी त्या धसक्याने सोमवारीच फायली तपासायला काढल्या आणि आम्हा सगळ्यांची रीतसर झाडाझडती घेतली. प्रत्येक पेशंटच्या फाइलमध्ये केअर प्लॅन पाहिजे. केअर प्लॅनमध्ये पाच रकाने पाहिजेत. पेशंटची पाहणी, त्यावरून नर्सिंगचं निदान, उद्दिष्ट, करायची कामं, आणि शेवटी त्याचा उपयोग झाला की नाही ते. पाचही भरलेले पाहिजेत, एकाही रकान्यात रेघ मारलेली चालणार नाही.

"नयना, तुझं अक्षर चांगलंय, तू मेल वॉर्डचं कर," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अक्षराने मला कधी फायदा करून दिला नाही, काम मात्र भरपूर दिलं.

आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं, वीस खाटांचं, झरीच्या पुढे आत वळलं की लागतं. मी मसोलीला राहते. सकाळी सहाला घर सोडायचं, टमटमने डहाणू रोड स्टेशनपाशी यायचं, तिथून तलासरीकडची एसटी पकडायची आणि फाट्यावर उतरून चालायचं. ड्यूटी आठ ते चार. वॉर्डात दहा पेशंट आणि नर्स एक. कागदावर आम्ही दोघी आहोत, पण दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली त्याला चार महिने झाले आणि तिच्या जागी कोणी येणार, हे ऐकून ऐकून आता आम्हीच ते नवीन सिस्टरांना ऐकवतो.

कॉलेजात आमच्या मॅडम सांगायच्या, आधी माणूस बघा, मग कागद भरा. त्यांच्याकडे पेशंटऐवजी रबराची बाहुली होती. बाहुलीला वेळच वेळ असतो.

नऊ नंबरच्या खाटेवर लाहूकाका होते. वय अठ्ठावन्न, राहणार झरीच्या पलीकडच्या पाड्यावर. भाताच्या बांधावर पायात काटा गेला, तो काढला, विसरले. पंधरा दिवसांनी पाऊल सुजून काळं-निळं झालं तेव्हा बायकोने बळंच आणलं. तिचं नावच धाकली, आम्ही धाकली मावशी म्हणायचो. साखर निघाली चारशे बारा. आपल्याला साखरेचा आजार आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि त्यावर ते एवढंच म्हणाले, "चहा तर बिनसाखरेचाच पितो. दूध-साखर परवडतो कोनाला?"

ही मागच्या मंगळवारची गोष्ट. त्या दिवशी दाखल करून घेताना पाहणीचा चार पानी फॉर्म मी भरला. त्यात चाळीस प्रश्न आहेत. झोप कशी लागते, शौचाला कधी होते, घरात कोण कोण, भीती कसली वाटते, अन्नाच्या बाबतीत काही धार्मिक किंवा पारंपरिक बंधनं आहेत का. एवढे प्रश्न लग्न ठरवताना मुलीला विचारत नाहीत. समोर एक उलट्या करणारा, एक सलाइन उपसून काढणारा, आणि फोन वाजतोय. मी सात नंबरची फाइल शेजारी उघडून ठेवली आणि तिच्यावरून उतरवलं. बंधने : नाहीत. भीती : नाही. झोप : व्यवस्थित. खरं विचारलं फक्त नाव, वय आणि गाव.

पाट्या टाकणं म्हणतात ते हेच. पण मी एकटी टाकत नव्हते, एवढंच माझ्या मनाचं समाधान.

पहिले सहा दिवस छान गेले. डॉक्टर शैलेश यांनी सकाळ-संध्याकाळचं इन्सुलिन बसवलं, साखर दीडशेच्या आसपास आली. जखमेतली घाण गेली, तळाला लालसर नवं मांस दिसायला लागलं. ड्रेसिंग करताना मी काकांना म्हटलं, "पाय वाचतोय हां." त्यांनी मान वर करून पायाकडे असं पाहिलं, की जणू तो शेजारच्या खाटेवरच्या कोणाचा पाय आहे. "मंग मी घरी कवा जायाचा? भात उभा हाय."

"दहा-बारा दिवस तरी."

"पोरगा कापील," धाकली मावशी म्हणाली.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातली नीलम वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. ट्रस्टींपैकी एकाच्या शेतावरचं हळवं, लवकर पिकणारं भात झोडून झालं होतं, त्यातली तीन पोती त्यांनी हॉस्पिटलला पाठवली होती. "सिस्टर, आज नव्या तांदळाचा भात. वास बघा नुसता!" खरंच सगळ्या व्हरांड्यात वास पसरला होता. मऊ, चिकट, किंचित गोडसर. मी स्वतः दुपारी डब्यातली पोळी बाजूला ठेवून त्यातला एक वाडगा डाळीबरोबर खाल्ला आणि नीलमला म्हटलं, आज जेवल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे डायबेटिसच्या पेशंटचा वेगळा आहार असतो. तोही कागदावर. प्रत्यक्षात सकाळी चहा आणि दोन बटर, दुपारी डाळभात, रात्री खिचडी, आणि डायबेटिसवाल्याच्या चहात साखर नाही, एवढाच फरक.

आता माझी एक सवय सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. जेवणाची ताटं साडेबाराला येतात. त्याच वेळी दुपारची औषधं, दोन ड्रेसिंगं आणि डॉक्टरांची शेवटची फेरी असते. म्हणून मी बारा वाजताच सगळ्या फायलींमधला आहाराचा रकाना भरून टाकते. खाटेपाशी उभं राहायचं, लिहायचं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने बोलायचं, म्हणजे पेशंटला बरं वाटतं. "दुपारचं जेवण पूर्ण. हो ना काका?" काका म्हणायचे, "हो बाय." ताटं परत जाताना रिकामी आहेत ना, एवढं लांबून बघायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी ताटावरून पोटाची करत होते.

सोमवारी बाराला असंच झालं. काकांनी तोंड उघडलं होतं, ते मला आठवतं. मी म्हटलं, "जेवण पूर्ण. हो ना?" ते थोडं थांबले. मग म्हणाले, "हो बाय."

मंगळवारी सकाळी ड्यूटी हातात घेताना कळलं, की लाहूकाकांना रात्री घाम फुटला, हात थरथरत होते, साखर चौपन्न. ग्लुकोज दिल्यावर सावरले. डॉक्टर शैलेश यांनी इन्सुलिन कमी केलं आणि मला विचारलं, "जेवतात ना नीट?"

मी फाइल उघडली. "हो सर. पूर्ण."

मंगळवारी दुपारी तीनला पुन्हा. या वेळी माझ्या डोळ्यांदेखत. काका खाटेवर बसले होते, बसल्या बसल्या भिंतीकडे कलले. अंगाला हात लावला तर ओलं गार. धाकली मावशी त्यांच्या तोंडावर पदराने वारा घालत होती आणि माझ्याकडे बघत होती. काही सांगावं असं तिच्या डोळ्यांत होतं का? असेल. मी शीर शोधत होते. साखर अठ्ठेचाळीस. ग्लुकोज चढवलं, दहा मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "तुला तरास झाला."

बुधवारी इन्सुलिन निम्म्यावर आलं. तरी दुपारी एक्कावन्न. बारा वाजता मी रकाना भरला होता. आहार : पूर्ण.

गुरुवारी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचा आकडा दाखल झाले तेव्हाच थोडा जास्त होता, आता आणखी वर गेला होता. डॉक्टर शैलेश भला माणूस. चाळिशीचा आहे, पण दोन हॉस्पिटलांत धावून पन्नाशीचा दिसतो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, आहाराचे रकाने पाहिले, पेनाने टेबलावर ठकठक केलं.

"पेशंट पूर्ण जेवतोय, इन्सुलिन निम्मं केलंय, तरी साखर पडतेय. म्हणजे इन्सुलिन शरीराबाहेर जात नाहीये. किडनी बसत चाललीय, सिस्टर. इथे ठेवून काही उपयोग नाही. वलसाडला पाठवा आजच."

मी काकांना जाऊन सांगितलं. ते उठून बसले.

"वलसाड नाय. घरी."

"काका, किडनीचे मोठे डॉक्टर तिथे आहेत. तपासतील."

"माझा चुलता वलसाडला नेला. आनला तवा बांधूनच आनला." एवढं बोलून त्यांनी पाय खाटेखाली सोडले, बांधलेला आणि मोकळा दोन्ही. "घरी सोड. भात कापायचा हाय."

घरी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पाड्यावर इन्सुलिन ठेवायला फ्रीज नाही. ड्रेसिंगला उपकेंद्र दीड कोसावर. आठ दिवसांत ते लाल मांस काळं पडलं असतं. मागच्या पावसाळ्यात असाच एक घरी गेला होता आणि महिन्याने परत आला तेव्हा गुडघ्याखाली काही ठेवण्यासारखं उरलं नव्हतं. वलसाडला जाणार नाहीत आणि इथे ठेवणार नाहीत. मधल्या मधे त्यांचा पाय जाणार, पायावर भागलं तर नशीब म्हणायचं.

मला राग आला. काकांचा आला, त्यांच्या चुलत्याचा आला, वलसाडचा आला. दमलेल्या माणसाला राग यायला कारण लागत नाही, फक्त समोर कोणीतरी लागतं.

"या फॉर्मवर अंगठा द्या मग," मी म्हटलं. पाठवायचं असो की स्वतःच्या मर्जीने न्यायचं असो, फॉर्म एकच आहे, फक्त खूण वेगळ्या चौकोनात. त्या फॉर्मवर एक प्रश्न आहे: शेवटचं जेवण कधी व काय. आदल्या दिवसाचं मी फाइलवरून उतरवूही शकले असते. पण फाइल डॉक्टरांच्या टेबलावर राहिली होती आणि तिथपर्यंत परत जायचा मला कंटाळा आला. खोटं कशाला बोलू, निव्वळ कंटाळा. म्हणून मी विचारलं.

"शेवटचं कधी जेवले, मावशी?"

धाकली मावशीने बोटं मोजली. अंगठा एकेका पेरावर ठेवत गेली आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"रविवारी. सांजचा."

"कालचं विचारतेय मी."

"काल नाय जेवला. परवा नाय. सोमवारी नाय. चहा पितो ना सकाळचा. बटर खातो."

"ताटं तर रिकामी जातात!"

शेजारच्या दहा नंबरवर सुक्या होता. चिकूच्या वाडीत शिडीवरून पडलेला, पाय प्लास्टरमध्ये, पंचविशीचा धडधाकट गडी. त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"मी खाल्ला, शिस्टर," तो म्हणाला. "बाबा देत व्हता. टाकायचा कसा? आमचे घरी नवा झालाय."

"काय झालंय?"

"नवा. नवा खाल्लाय आमी. त्यांचे घरी अजून व्हायचाय."

मग धाकली मावशीने मला समजावलं. शाळेतल्या पोरीला समजवावं तसं, हळूहळू. शेतातला नवा दाणा आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, आणि घरच्या देवांना द्यायचा, मग घराने खायचा. तो मान घरातल्या मोठ्या माणसाचा. तोवर नवा तांदूळ तोंडात घालायचा नाही, आपला नाही आणि दुसऱ्याचाही नाही. या वर्षी पाऊस लांबला, त्यांचं भात उशिराचं, आणि मोठा माणूस इथे नऊ नंबरवर. सोमवारी ताट आलं, काकांनी शीत बोटात धरून चेपलं, वास घेतला आणि ताट सुक्याकडे सरकवलं.

मी एकोणीस वर्षं या भागात नोकरी करते. 'नवं' हा शब्द मी कितीदा ऐकला असेल. आमच्या वॉर्डातली आया दर वर्षी एक दिवस त्यासाठी सुटी मागते आणि आम्ही कुरकुरत देतो. बंधने : नाहीत.

"आणि तुम्ही?" मी मावशीला विचारलं. "तुम्ही काय खाल्लंत?"

"मी बी चहा."

चार दिवस दोघंही. आणि मी त्या माणसाला रोज सकाळी इन्सुलिन टोचत होते. सुई शिरताना 'दुखलं का काका' असं विचारायला मात्र विसरत नव्हते.

डॉक्टरांच्या खोलीच्या बाहेर संगीता सिस्टर भेटल्या. मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग इकडेतिकडे पाहिलं आणि मला औषधांच्या खोलीत ओढलं. त्या वाईट नाहीत. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने राहिलेत आणि ते त्यांना सुखाने काढायचेत.

"हे बघ, आता असं कर. आजपासून लिही, पेशंट जेवायला नकार देतो. मागचं राहू दे. उद्या तपासणी, आणि फाइलमध्ये तीन दिवसांचं खोटं निघालं तर? संध्याकाळच्या पोरींनी तुझंच बघून लिहिलंय. त्याही अडकतील."

"आजपासून लिहिलं तर सर म्हणतील, आज जेवला नाही. पण साखर सोमवारपासून पडतेय. ती किडनीनेच पडतेय असं होईल. मग ते पाठवणारच."

"मग पाठवू देत! मोठं हॉस्पिटल आहे, तिथे कळेल त्यांना."

"काका तिथे जाणार नाहीत, सिस्टर. घरी जातील."

त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ. मला तू काही सांगितलं नाहीस." आणि गोळ्यांचे डबे उगीच एका सरळ ओळीत लावायला लागल्या.

मी शूर वगैरे नाही. त्या दहा पावलांत मी दोनदा थांबले. घरी सासू अंथरुणाला, मुलगी बारावीला, आणि या वयात दुसरीकडे कोण घेतं? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा हा सगळा कारभार. त्यात एकटीनेच का उजेडात यायचं? हे सगळं मनात आलं. पण मागे वळून पाहिलं तर काका खाटेखालच्या चपला पायाने चाचपडत होते. एकच चप्पल पायात जात होती.

"सर," मी म्हटलं, "नऊ नंबरची फाइल खोटी आहे."

डॉक्टर शैलेश यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. बारा वाजता लिहिते ते सांगितलं, सात नंबरवरून उतरवलं ते सांगितलं, नवं म्हणजे काय ते मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. ते मध्ये एकदाच बोलले.

"म्हणजे मी चार दिवस उपाशी माणसाला इन्सुलिन देत होतो?"

"तुम्ही लिहिलंत, सर. दिलं मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाठवणीचा कागद घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "आज इन्सुलिन थांबवा. पोटात काहीतरी जाऊ दे आधी. पाणीही कमी पडलं असेल, तो आकडा त्यानेही वाढतो. दोन दिवसांनी रक्त पुन्हा बघू." मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "आणि सिस्टर, हे तुम्ही मला लेखी द्या."

"हो सर."

स्वयंपाकघरात नीलमकडे जुन्या तांदळाचा दाणा नव्हता. नवी पोती आली म्हणून तिने होता नव्हता तो सोमवारच्या आधीच संपवला होता. संध्याकाळी घरून नागलीचं पीठ आणते म्हणाली. पण संध्याकाळ लांब होती.

माझा डबा वॉर्डाच्या कपाटात होता. चार पोळ्या आणि दुधीची भाजी. तीन दिवस तो तिथेच असायचा, काकांच्या खाटेपासून दहा-बारा पावलांवर. मी तो काढला आणि त्यांच्यासमोर उघडला.

"गव्हाची आहे. तांदूळ नाही यात."

काकांनी पोळी उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला. मग तिचे दोन तुकडे केले आणि पहिला तुकडा धाकली मावशीपुढे धरला. तिने तो घेतला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. मी स्टुलावर बसले. पेशंटला जेवताना बसून शेवटचं पाहिलं असेल ते बहुधा विद्यार्थिनी असताना. माणूस भुकेला असला की भराभर खातो, असं मला वाटायचं. काका फार हळू खात होते. प्रत्येक घास झाल्यावर थोडं थांबत होते.

"काका," मी शेवटी विचारलं, "मला सांगायचं ना. एक शब्द बोलायचं."

"सांगणारच व्हतो. सोमवारी."

"मग?"

काकांनी घास गिळला. मावशीकडे पाहिलं. तिनेच सांगितलं, भिंतीकडे तोंड करूनच.

"तू आधीच लिहिलास ना बाय. ताट आला नव्हता, तवाच लिहिलास, जेवला म्हणून."

"म्हणून काय झालं? खोडलं असतं मी."

"लिहिलेला खोटा पडतो ना मंग," काका म्हणाले. "तुझा सायेब तुला बोलला असता. माझे पायाचा घान तू काढतंस रोज, नाक नाय मुरडीत. तुला कशाला खोटा पाडू?"

साखर अठ्ठेचाळीस झाली होती या माणसाची. शुद्ध हरपत असताना, चार दिवस, तो माझी लाज राखत होता. आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य म्हणाला होता, तुला तरास झाला. मी उठले, हात धुवायच्या नळाशी गेले आणि तिथे तोंडावर पाणी मारत राहिले. सुक्या माझ्याकडे बघून चादरीत शिरला.

दुपारी मी लेखी दिलं. अर्धं पान झालं. तोवर मी लिहिलेल्या पानांमध्ये तेवढंच एक पान असं होतं की जे लिहिण्याआधी मला विचार करावा लागला. मग काकांच्या फाइलमधल्या जुन्या केअर प्लॅनवर रेघ मारली, तारीख-वेळ टाकून सही केली आणि नवं पान लावलं. चाळीस प्रश्न पुन्हा विचारले. पाऊण तास गेला. झोप येत नाही, शेजारच्या पंख्याचा आवाज होतो. घरात सात माणसं, तीही नव्यासाठी थांबलेली, नागली आणि मागच्या सालाचा तांदूळ पुरवून पुरवून खातायत. भीती कसली वाटते?

"मी इथंच गेलो तर नवा कोन करील," काका म्हणाले. "पोरग्याला अजून येत नाय."

ते मी तसंच लिहिलं. उद्दिष्टाच्या रकान्यात आम्ही नेहमी 'रक्तातील साखर नियंत्रणात राहील' असं लिहितो. मी विचारलं, "काका, तुम्हाला काय पाहिजे?" त्यांनी जे सांगितलं ते खाली दुसरा आकडा टाकून लिहिलं. पेशंट स्वतःच्या पायाने शेतात जाऊन नवं करेल.

शुक्रवारी तपासणीचे लोक आले. त्यांनी पाच फायली काढायला सांगितल्या, त्यात नऊ नंबर निघालीच. खाडाखोड पाहून त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. आठवड्याने मला मेमो येईल, असं संगीता सिस्टर हळूच सांगून गेल्या. येऊ दे. साखर सकाळी एकशे चाळीस होती.

त्या दिवशीही बारा वाजले. औषधं तशीच, ड्रेसिंगं तशीच, नर्स तीच एक. पाय दुखत होते आणि पाठीत उसण भरल्यासारखं झालं होतं. सवयीने मी फायलींचा गठ्ठा घेऊन निघाले आणि नऊ नंबरपाशी आले. ताट अजून यायचं होतं. नीलम नागलीच्या भाकऱ्या थापत होती, त्याचा आवाज येत होता.

काकांनी माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिही ना बाय," ते म्हणाले. "जेवला असा लिही. मी जेवीन मंग. तुला लय कामा हायत."

मी पेन खिशात घातलं, स्टूल ओढलं आणि ताट येईपर्यंत बसून राहिले.